बटाट्याच्या पोटात

नावं ठेवण्याच्या कामात आपण मराठी माणसं कुणाला हार जाणार नाही. पण नव्या वस्तूंना नावं देण्याची वेळ आली की मात्र आपल्यासारखे आळशी आपणच. परदेशातून एखादी वस्तू आली की खोक्यातून तिच्याबरोबर तिचं नावही आपण बाहेर काढतो आणि दोन्ही ओट्यावर मांडून मोकळे होतो. कुकर आला, मिक्सर आला, ओव्हन आला. त्यांच्यामागून आता एअर फ्रायर आला आहे. कुकर शिजवतो आणि मिक्सर मिसळतो, तेव्हा त्यांच्या नावाविषयी तक्रार करायला जागा नाही. या नव्या पाहुण्याचं नाव मात्र सरळसरळ खोटं आहे. एअर फ्रायर म्हणजे हवेत तळणारा. हवेत इमले बांधणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. पण हवेत चकली तळणारा अजून कुणी भेटायचा आहे. तळायचं म्हटलं की कढई हवी, कढईत तेल हवं आणि शेजारच्या बिऱ्हाडाला वर्दी जाईल असा वास हवा. यांतलं या यंत्रापाशी काहीही नसतं.

वास्तविक हे यंत्र म्हणजे एक आटोपशीर भट्टी आहे. वर तापणारी तार, तिच्या डोक्यावर पंखा आणि खाली भोकं पाडलेली टोपली. पंखा गरम हवा इतक्या जोराने टोपलीतल्या पदार्थाभोवती फिरवतो की त्याच्या अंगावरचा ओलावा झटपट उडून जातो. वरचं कवच कोरडं, खरपूस होतं आणि आतला भाग आपल्याच वाफेत शिजतो. मराठीत या क्रियेला 'भाजणं' असा साधा, घरगुती शब्द आहे. परंतु २०१० साली फिलिप्स कंपनीने हे यंत्र बाजारात आणलं तेव्हा 'भाजणारा' या नावाने ते कुणी घेतलं नसतं. लोकांना भाजलेलं नकोच होतं. त्यांना तळलेलं खाऊन पुन्हा पथ्य पाळल्याचं पुण्य हवं होतं. हे पुण्य त्या कंपनीने नावात घालून विकलं. व्याकरणाच्या दृष्टीने मी या नावाचा निषेध करतो. पण मानवी स्वभावाचा असा अचूक अभ्यास केल्याबद्दल नाव ठेवणाराला मनातल्या मनात नमस्कारही करतो.

आमच्या घरी हे यंत्र आलं ते माझ्या रक्तातल्या चरबीचा आकडा पाहून. आणलं सौभाग्यवतीने, पण दुसऱ्याच दिवशी त्याचा ताबा घेतला आमच्या कन्येने. पंधरा वर्षांच्या मुलीला स्वयंपाकघराकडे वळवण्याचं जे काम आजीच्या उपदेशाला आणि आईच्या दटावणीला जमलं नव्हतं, ते या काळ्या ठोकळ्याने चार दिवसांत केलं. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी सकाळी तिने जाहीर केलं,

"बाबा, आज मी आयरिश पद्धतीचे भरले बटाटे करणार आहे."

आई जपमाळ बाजूला ठेवून म्हणाली, "भरली वांगी ऐकली, भरली कारली ऐकली, भरल्या मिरच्याही ऐकल्या. वांग्याच्या पोटात जागा असते. बटाट्याच्या पोटात काय असतं? बटाटाच की गं!"

आईच्या या एका वाक्यात त्या पदार्थाचं सगळं सार आहे. बटाट्याच्या पोटातला बटाटाच बाहेर काढायचा, त्याला चांगली संगत लावायची आणि मग पुन्हा त्याच्याच पोटात त्याला नेऊन बसवायचं. शिक्षणाचीही माझ्या मते याहून निराळी व्याख्या करता येणार नाही.

कृती सोपी आहे. बटाटे मोठे हवेत, एकेक पाव किलोच्या घरातला, आणि शक्यतो जुने. नवा बटाटा चिकट असतो. जुना भाजला की पिठूळ, मोकळा होतो. ते खसाखसा धुवून, पुसून अगदी कोरडे करायचे, काट्याने पाचसहा ठिकाणी टोचायचे, म्हणजे आतल्या वाफेला वाट मिळते. अंगाला चमचाभर तेल आणि जाडं मीठ चोळायचं आणि दोनशे अंशांवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं टोपलीत ठेवायचे. निम्म्या वेळाने एकदा कुशीवर वळवायचे. सुरी आरपार लोण्यातून गेल्यासारखी गेली की झालं. मग उभे दोन भाग करून सालीला अर्ध्या बोटाची भिंत राखून आतला गर काढायचा. एकीकडे कोबी बारीक चिरून, मिठाच्या पाण्यातून वाफवून, पातीच्या कांद्याबरोबर लोण्यावर परतायचा. गर, कोबी, कांदा, गरम दूध, मीठ, मिरपूड आणि मुबलक लोणी असं सगळं घोटून सालींत पुन्हा भरायचं, वर किसलेलं चीज घालायचं आणि एकशे ऐंशी अंशांवर आठदहा मिनिटं ठेवायचं. वाढताना वर बोटाने खळगा करून त्यात पुन्हा लोण्याचा गोळा सोडायचा. तो वितळतो आणि पिवळी विहीर भरावी तसा काठोकाठ भरतो.

या सारणाला आयर्लंडात 'कॉलकॅनन' म्हणतात. मूळ आयरिश शब्दांचा अर्थ पांढऱ्या डोक्याचा कोबी. आपल्याकडे दिवाळीची धांदल असते त्याच सुमाराला, ऑक्टोबरच्या एकतीस तारखेला, तिकडे हॅलोविनचा सण येतो, आणि त्या रात्री हे कॉलकॅनन करायची जुनी रीत आहे. त्यात एक नाणं आणि एक अंगठी लपवतात. ज्याच्या घासात नाणं येईल तो श्रीमंत होणार आणि जिच्या घासात अंगठी येईल तिचं वर्षाच्या आत लग्न ठरणार. आमच्या कन्येने अंगठीचा बेत तत्काळ रद्द केला आणि एक रुपयाचं नाणं उकळून पुसून तयार ठेवलं.

साल भाजायला लागलेली चाळीस मिनिटं टोपलीकडे पाहत काढण्यापेक्षा मी बटाट्याचं आणि आयर्लंडचं नातं कन्येला सांगत बसलो. आयर्लंड म्हटलं की आपल्याला शाळेच्या पुस्तकातलं होमरूल आठवतं. लोकमान्यांनी १९१६ साली संघ काढला त्याला नाव दिलं ते आयरिश चळवळीतलं. पण होमरूलच्या आधीचं आयर्लंड समजून घ्यायचं तर बटाट्यापासूनच सुरुवात करावी लागते.

बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, अँडीज पर्वतातला. आपल्या किनाऱ्यावर तो पोर्तुगीजांबरोबर आला आणि त्यांच्याच भाषेतलं 'बटाटा' हे नाव आपण ठेवून घेतलं. आपल्या ताटात तो भाज्यांपैकी एक भाजी होऊन बसला. आयर्लंडात मात्र तो भाजी नव्हता, भाकरी होता. चांगली जमीन जमीनदारांची. तिच्यात पिकणारं धान्य खंडापायी जायचं. कुळाच्या वाट्याला उरायचा तो एखादा ओलसर तुकडा, आणि तेवढ्याशा तुकड्यात वर्षभर घर जगवील असं पीक जगात एकच होतं. अंगमेहनत करणारा पुरुष दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खायचा. त्याच्या झोपडीत ओव्हन नव्हता. तीन पायांच्या लोखंडी हंड्यात बटाटे उकडायचे, पाणी काढून टोपलीत ओतायचे आणि टोपलीभोवती सगळ्या घराने बसायचं. भूक लवकर लागू नये म्हणून काही घरांत बटाट्याचा गाभा मुद्दाम किंचित कच्चा ठेवत. या कच्च्या गाभ्याला ते 'हाड' म्हणत. तोंडी लावायला काही नसलं तर आढ्याला खारवलेला मासा टांगून ठेवायचा, हातातला बटाटा लांबूनच त्याच्याकडे दाखवायचा आणि मग खायचा, अशी त्यांच्यात एक थट्टा होती. गरिबाची थट्टा जगात सगळीकडे एकाच घराण्यातली असते.

बटाट्याबरोबर असायचं ताक. हे ऐकून आई म्हणाली, "मग लोणी कुठं जायचं?"

चाळीस वर्षं पुस्तकं वाचून मी जो प्रश्न विचारला नसता तो तिने विचारला. लोणी बाजारात जायचं. कॉर्क शहरात १७७० सालापासून लोण्याची मोठी पेठ होती आणि तिथून पिंपंच्या पिंपं भरून लोणी समुद्रापलीकडे जायचं. त्याच्या पैशातून जमिनीचा खंड भरायचा. गाय घरची, चारा घरचा, घुसळणारे हात घरचे. लोणी मात्र खंडाला आणि ताक पोटाला. आज आपण ज्याला हौसेने 'आयरिश पद्धतीचे' बटाटे म्हणतो, त्यांतलं ते वर तरंगणारं लोणी पुष्कळ आयरिश घरांना रोज कधी मिळतच नव्हतं. सणाच्या रात्री खळगा करून त्यात लोणी सोडणं, हीच मुळी त्यांची चैन होती.

मग १८४५ साल उजाडलं. बटाट्याच्या पानांवर काळे डाग दिसू लागले आणि काही दिवसांत हिरवं शेत कुजून दुर्गंधी सुटली. हा रोग आपल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. आपण त्याला करपा म्हणतो. बटाटा बियांपासून नव्हे, बेण्यापासून लावतात. म्हणजे नवा बटाटा ही जुन्याचीच हुबेहूब नक्कल. गरिबांच्या शेतात तर बहुतेक 'लम्पर' ही एकच जात होती, भरपूर पिकणारी. एकाला जो रोग मारील तो सगळ्यांना मारणार, अशी ती परिस्थिती. १८४६ साली तर जवळजवळ सगळं पीक गेलं. पुढच्या पाचसहा वर्षांत सुमारे दहा लाख माणसं उपासमारीने आणि तापाने मेली आणि दहा लाखांहून अधिक माणसं बोटीत बसून देशोधडीला लागली. १८४१ च्या शिरगणतीत आयर्लंडची लोकसंख्या एक्याऐंशी लाखांवर होती. १८५१ साली ती पासष्ट लाखांवर आली. त्या बेटाच्या दोन्ही भागांची २०२१-२२ सालची गणना एकत्र केली तरी ती सत्तर लाखांच्या आसपासच भरते. पावणेदोनशे वर्षांत एका देशाची वजाबाकी अजून भरून निघालेली नाही.

"पण बाबा, नुसते बटाटेच गेले ना? बाकीचं पिकत होतं ना?" कन्येने विचारलं.

पिकत होतं. ओट पिकत होते, गुरं होती, आणि लोणीही होतं. ते सगळं त्या वर्षांतही बोटीत भरून बाहेर जात होतं. प्रधानमंत्री पील यांनी पहिल्या वर्षी अमेरिकेतून एक लाख पौंडांचा मका मागवला. तो लोकांनी कधी पाहिलेला नव्हता. दळायचा कसा, शिजवायचा किती, ठाऊक नव्हतं. त्याच्या पिवळ्या रंगावरून आणि पोटात केलेल्या उलथापालथीवरून लोकांनी त्याला 'पीलचं गंधक' म्हणायला सुरुवात केली. पुढे सरकारने अन्नछत्रं उघडली आणि १८४७ च्या जुलैत दररोज तीस लाख माणसांना शिजवलेलं अन्न मिळत होतं. म्हणजे जेवू घालणं अशक्य नव्हतं! पण दोन-तीन महिन्यांत ही अन्नछत्रं बंद झाली. फुकट अन्नाने माणसं आळशी होतात आणि बाजाराच्या नियमांत सरकारने हात घालू नये, असं मदतकार्याची सूत्रं ज्यांच्या हाती होती त्या अधिकाऱ्यांचं ठाम मत होतं. त्यांत प्रमुख होते चार्ल्स ट्रेव्हेल्यन. हेच गृहस्थ पुढे १८५९ साली मद्रासचे गव्हर्नर म्हणून आणि १८६२ साली व्हाइसरॉयच्या मंडळात अर्थखातं सांभाळायला आपल्याकडे आले.

ते परत गेले, पण ते मत इथेच राहिलं. १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळात रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या पुरुषाची मजुरी दिवसाला एक रत्तल धान्य आणि वर एक आणा इतकी खाली आणली. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाने एक रत्तल धान्यावर कसं जगावं, हे पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारला विचारून पाहिलं. तेव्हाही धान्य परदेशी जातच होतं. आयर्लंड आणि सोलापूर यांच्यामध्ये सात समुद्र असतील. कारकुनाच्या खतावणीत मात्र ती दोन्ही एकाच पानावर होती. पीक बुडवतो तो रोग किंवा पाऊस. माणूस बुडवतो तो हिशेब.

इतकं बोलून झालं आणि यंत्राने घंटा दिली. कन्येने गर काढला, घोटला, भरला. माझं व्याख्यान संपल्याचा आनंद घरात सर्वांनाच झाला होता. फक्त आई गप्प होती. ती सांगोल्याकडची. बऱ्याच वेळाने ती म्हणाली,

"तो पिवळा मका म्हणालास ना, तसा आम्हाला लाल मिलो आला होता. बहात्तर साली."

१९७२ च्या दुष्काळाविषयी मी पुस्तकातून वाचलं होतं, वर्गात त्यावरच्या कथा शिकवल्या होत्या. आई तेव्हा सतरा वर्षांची होती एवढं गणित मला येत होतं. पण त्या गणिताच्या पुढे मी कधी गेलो नव्हतो आणि तीही कधी बोलली नव्हती.

"मिलोची भाकरी थापली की चिरायची," ती सांगू लागली. "लाल, खडबडीत. लोक म्हणायचे, अमेरिकेत हे डुकरांना घालतात. खरं की खोटं, देव जाणे. पण ऐकल्यावर घास गिळेना. तरी गिळला. तुझी आजी आणि मी दोघी पाझर तलावाच्या कामावर जायचो. आजीनं तोवर कधी घराबाहेर डोईवर पाटी घेतली नव्हती. पदर पुढं ओढून जायची, कुणी ओळखू नये म्हणून. तिथं गेलं तर सगळं गाव पदर ओढूनच आलेलं!"

"मग खायला काय मिळायचं आजी?" कन्येने विचारलं.

"सुकडी द्यायचे. पिठाची, गूळ घातलेली. गोड असायची. पोरं त्यासाठी रांगेत उभी राहायची. मला कागदाच्या पुडीत मिळाली की मी निम्मी खायचे आणि निम्मी घरी धाकट्या भावाला आणायचे." ती थोडी थांबली. "म्हणून मला सांज्याचा लाडू नको वाटतो. तुम्ही दर दिवाळीला म्हणता, आई गोड का खात नाही. वास तोच येतो गं त्याला."

सौभाग्यवती ओट्याशी उभी होती. गेली अठरा वर्षं ती दर दिवाळीला सासूबाईंनी एक तरी लाडू खावा म्हणून आग्रह करत आली आहे. तिने हातातला चमचा खाली ठेवला.

मला त्या क्षणी दोन गोष्टी एकदम जाणवल्या. एक म्हणजे, १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसं होती, हा आकडा मी वर्गात अनेकदा सांगितला आहे. त्या पन्नास लाखांत दोघी माझ्या घरच्या होत्या. आणि दुसरी गोष्ट अशी की, आई आज आमच्यासमोर बसून हे सांगत होती. आयर्लंडात त्या वयाच्या किती मुली सांगायला उरल्या असतील? बहात्तरचा दुष्काळ त्याहून सौम्य नव्हता. विहिरी आटल्या होत्या, गुरं गेली होती. पण कामं निघाली, मजुरी मिळाली, धान्य आलं, मग ते लाल असो की खडबडीत. मागेल त्याला काम हे तत्त्व पुढे रोजगार हमीच्या रूपाने १९७७ साली कायद्यात आलं. कामावरच्या हजेरीपटात लबाड्या झाल्या असतील, मजुरी रखडली असेल, सुकडीत खडे निघाले असतील. हे सगळं खरं धरूनही ती सुकडीची पुडी सोलापूरच्या माळावर सतरा वर्षांच्या मुलीच्या हातात पडली, ही गोष्ट लहान नाही. हिशेब मांडणारा माणूस बदलला की उत्तरही बदलतं.

आपला आणखी एक विचित्र योगायोग मला नेहमी गमतीचा वाटत आला आहे. एकादशीला आपण जे जे खातो ते बहुतेक सगळं अमेरिका खंडातून आलेलं: बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची, आणि साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कंदसुद्धा. ज्या कंदाच्या अभावी एक देश उपाशी मेला, त्याच कंदाच्या जोरावर आपण उपास करतो, आणि 'एकादशी दुप्पट खाशी' अशी स्वतःची थट्टाही करून घेतो. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. ज्याच्या घरात अन्न आहे त्यालाच उपास करता येतो. ज्याच्या घरात नाही त्याच्या उपाशीपणाला व्रताचं नाव देता येत नाही. उपास आणि उपासमार हे दोन शब्द भाषेने इतके शेजारी ठेवले आहेत, ते बहुधा आपण त्यांच्यातली भिंत विसरू नये म्हणूनच.

बटाटे पानात आले. सालीला खरपूस तांबूस रंग चढला होता, चीजवर सोनेरी फोड उठले होते आणि मधल्या खळग्यात लोणी वितळत होतं. कन्येने आतला भाग चमच्याने खाल्ला आणि साल ताटाच्या कडेला सारली. मग तिचं लक्ष आजीच्या पानाकडे गेलं. आजी सालीसकट खात होती. कन्या काही बोलली नाही. तिने आपली साल पुन्हा पुढे ओढली आणि मीठ लागलेल्या बाजूने कुरतडायला सुरुवात केली. "अगं, ही तर वेफरसारखी लागते!" ती म्हणाली. एका पंधरा वर्षांच्या मुलीकडून दोन दुष्काळांना याहून मोठी श्रद्धांजली मी मागणार नाही.

रुपया माझ्या घासात आला. मराठीच्या प्राध्यापकाला श्रीमंतीचं भाकीत मिळावं हा त्या आयरिश रीतीचाच पराभव असल्याचं सौभाग्यवतीने जाहीर केलं, आणि घरात हशा पिकला.

त्या यंत्राला काय म्हणावं हा प्रश्न अजून सुटलेला नाही. दिवाळीच्या चकल्या त्यात करायच्या नाहीत, त्या कढईतच होतील, असा आईचा निवाडा आहे आणि त्यावर अपील नाही. लाडवांचा आग्रह मात्र यंदा कुणी करणार नाही असं ठरलं आहे. त्याऐवजी नरकचतुर्दशीच्या रात्री हे भरले बटाटे पुन्हा करायचे आहेत. ठरवताना कन्येने आजीला विचारलं, "आजी, काही कमीजास्त झालं होतं का मागच्या वेळी?"

आईने क्षणभर विचार केला आणि म्हणाली,

"चांगले झाले होते. या खेपेला लोणी जरा जास्त घाल."